चिलटाच्या मिशीतलं घड्याळ

गेल्या मे महिन्यात माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षं अकरा, प्रश्न किती ते मोजलेलं नाही. ओट्यावर वेलची केळ्यांची एक फणी पिकून काळी पडायला आली होती आणि तिच्यावर चिलटं घोंगावत होती. आई, म्हणजे भाचीची आजी, येता-जाता फडकं झटकायची. चिलटं उडायची. फडकं खाली आलं की परत येऊन बसायची. दोन्ही पक्ष न कंटाळता हा खेळ खेळत होते.

संध्याकाळी भाची म्हणाली, "मावशी, दुपारी ही एवढी नव्हती गं."

"असतील इकडेतिकडे. वास लागला की येतात," मी म्हटलं. लेख लिहिणारी माणसं असं बिनधास्त ठोकून देतात.

"पण केळी तीच आहेत ना? वास काय दुपारी सुट्टीवर जातो?"

आली का पंचाईत! केळी तीच, ओटा तोच, चिलटंही बहुधा तीच. मग बदललं काय? मी "बघून सांगते" म्हणाले आणि बघायला बसले ती कितीतरी दिवस उठलेच नाही. हा लेख म्हणजे तिला मिळालेलं उशिराचं उत्तर.

आधी नाकाचं बोलू. चिलटाला नाक नसतं. मुंगीला, माशीला, झुरळाला, कोणत्याच कीटकाला नसतं. त्यांचं वासाचं काम करतात त्यांच्या मिशा. पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात, आपण मिशाच म्हणू. झुरळाच्या मिशा तुम्ही पाहिल्या असतील, त्याच्या अंगाहून लांब असतात आणि सारख्या हलत असतात. चिलटाच्या मात्र भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाहीत, कारण अख्खं चिलटच जेमतेम 3 मिलिमीटरचं. त्या इवल्याशा मिशीवर शेकडो केस असतात आणि त्या केसांना भोकं असतात. पिकल्या केळ्यातून हवेत सुटलेले वासाचे कण या भोकांतून आत शिरतात. आत चेतापेशींची टोकं वाट बघत असतात. त्या टोकांवर वासाची कुलपं असतात असं समजा. ज्या कुलपाची किल्ली आत आली ते कुलूप उघडतं, आणि निरोप मेंदूकडे जातो: केळं!

एवढं सांगून लेख संपवता आला असता. पण भाचीचा प्रश्न तसाच राहिला. कुलूप तेच, किल्ली तीच. मग दुपारी आणि संध्याकाळी फरक का?

त्यासाठी थोडं फ्रान्सला जाऊ. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यान नावाच्या गावात झाँ आंरी फाब्र नावाचे गृहस्थ राहायचे. आयुष्यभर त्यांनी किडे बघितले. मारून टाचणीला टोचलेले नव्हेत, जिवंत, आपापल्या कामात गढलेले. एका वर्षी 6 मेच्या सकाळी त्यांच्या टेबलावरच्या कोशातून पतंगाची एक मादी बाहेर आली. हा पतंग म्हणजे आकाशात उडवायचा नव्हे हं, रात्री दिव्यावर येतो तो. ही जात युरोपातली सगळ्यात मोठी, पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे असलेली. फाब्रनी तिच्यावर जाळीचं झाकण घातलं, आपण दुधावर घालतो तसलं, आणि ते आपल्या कामाला लागले.

रात्री नऊच्या सुमारास घरात एकदम आरडाओरडा. फाब्रचा छोटा मुलगा पॉल झोपायला निघाला होता. तो अर्धवट कपड्यांतच खोलीभर नाचत बापाला हाका मारत होता, कारण खोलीत पाखरांएवढे पतंग शिरले होते! मेणबत्ती घेऊन दोघं अभ्यासिकेत गेले, तर तिथे आणखीच गर्दी. जाळीभोवती पतंग घिरट्या घालतायत, छताला धडकतायत, पंखांच्या फटकाऱ्याने मेणबत्ती विझवतायत. सगळे नर. त्या रात्री सुमारे चाळीस आले आणि आठ रात्रींत मिळून दीडशे. ही जात त्या भागात फारशी सापडत नसे, म्हणजे पाहुणे लांबून आले असणार.

पण मला या गोष्टीत सगळ्यात गंमत वाटते ती वेळेची. मादी दिवसभर तिथेच होती, तरी दिवसा एकही नर फिरकला नाही. रोज रात्री साधारण 8 ते 10 या वेळातच ते येत. ना आधी, ना नंतर. ऑफिसच्या वेळेसारखं!

फाब्रनी मग खोलीत डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या, त्यांच्या उग्र वासात मादीचा वास बुडून जाईल म्हणून. नर आले ते आलेच. बिचारे फाब्र बुचकळ्यात पडले. हा वासाचा मामला नसेलच की काय? उत्तर मिळालं ते दुसऱ्या एका तपकिरी पतंगामुळे. त्याची मादी त्यांनी काचेच्या हंडीखाली ठेवली, सगळ्यांना नीट दिसेल अशी. नर आले, तिच्याजवळून गेले आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता, आदल्या रात्री ती जिथे बसली होती त्या रिकाम्या जागेवर जमले! काचेतून मादी दिसत होती पण वास येत नव्हता. रिकाम्या जागेला वास होता, मादी नव्हती. नरांनी वास निवडला. डोळ्यांपेक्षा मिशांवर एवढा भरवसा!

आणि हे तपकिरी महाशय कधी आले होते माहीत आहे? दुपारी तीनच्या सुमारास, भर उन्हात. म्हणजे एका जातीची वेळ रात्रीची, दुसरीची दुपारची. विदर्भातल्या जंगलात टसर रेशमाचे कोसे होतात ना, तो टसरचा पतंग फाब्रच्या त्या मोठ्या पतंगाच्याच कुळातला. तोही रात्रीचाच.

म्हणजे किड्यांना वेळ कळते. कशी? सूर्य बघून? ऊन-सावली, गार-गरम यांवरून? बरीच वर्षं लोकांना तसंच वाटायचं. ऑग्युस्त फोरेल नावाचे एक स्विस डॉक्टर होते. मुंग्यांचे एवढे मोठे अभ्यासक, की पुढे त्यांच्या देशाने 1000 फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. (मुंग्या बघून नोटेवर जाता येतं, हे घरच्यांना जरूर सांगा.) फोरेल उन्हाळ्यात घराबाहेर बसून न्याहारी करायचे, आणि मुरंब्यावर मधमाश्या यायच्या. एके दिवशी हवा वाईट म्हणून न्याहारी घरात झाली. बाहेर ना मुरंबा, ना त्याचा वास. तरी मधमाश्या ठरल्या वेळेला रिकाम्या टेबलावर हजर!

त्यावर जर्मनीतल्या माक्स रेनर यांनी 1955 मध्ये कडी केली. पॅरिसमधल्या एका बंद खोलीत त्यांनी मधमाश्यांना रोज ठरावीक वेळी साखरपाणी प्यायची सवय लावली. मग रातोरात त्यांना विमानात घालून न्यूयॉर्कला नेलं आणि तिथल्या तशाच बंद खोलीत सोडलं. न्यूयॉर्कचा सूर्य पॅरिसच्या कितीतरी तास मागे. मधमाश्या साखरपाणी प्यायला आल्या त्या बरोबर चोवीस तासांनी, पॅरिसच्या वेळेला. परदेशातून मामा-काका आले की पहिले दोन दिवस भलत्या वेळी जांभया देतात आणि रात्री दोनला पोहे मागतात ना? अगदी तसंच. याचा अर्थ, घड्याळ बाहेर आकाशात नाही. ते मधमाशीच्या आत आहे.

आत म्हणजे कुठे, ते शोधायला परत आपल्या चिलटाकडे यावं लागेल. शास्त्रज्ञांचं हे फार लाडकं. एका दुधाच्या बाटलीत शेकडो मावतात, दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते. चिलटाचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला, त्याचा अर्थ दवप्रेमी. नाव शोभतंच त्याला, कारण चिलटं कोशातून बाहेर येतात ती बहुतेक पहाटे, हवा ओलसर असताना. नव्या पंखांची घडी मऊ असते, ती उलगडायच्या आत सुकून चालत नाही. कोशातलं चिलट अंधारात असतं, तरी त्याला पहाट झालेली कळते.

अमेरिकेत सीमोर बेंझर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी 1971 मध्ये तीन विचित्र चिलटं जगापुढे आणली. एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. तिघांमध्ये बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकाचं नाव ठेवलं 'पिरियड'. शाळेतला तास नव्हे, पण अगदीच लांबचाही नाही.

हे जनुक घड्याळ कसं चालवतं? आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. तिच्यात एक तरंगता फुगा असतो. पाणी वर चढलं की फुगा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी वापरून कमी झालं की फुगा खाली, नळ पुन्हा सुरू. पिरियड जनुक पेशीत एक प्रथिन तयार करतं. रात्री ते साठत जातं. पुरेसं साठलं की तेच प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन आपल्याच जनुकाचा नळ बंद करतं. मग जुनं प्रथिन हळूहळू मोडत जातं, संपत आलं की नळ उघडतो. टाकी एकदा भरून रिकामी व्हायला लागतात साधारण 24 तास. झालं घड्याळ! ना काटे, ना सेल. हे कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. असलीच घड्याळं तुमच्या-माझ्या शरीरातही आहेत. रविवारी गजर लावलेला नसतानाही शाळेच्या वेळेलाच जाग येऊन चिडचिड होते, ती त्यांचीच कृपा.

आता मला सगळ्यात आवडलेला प्रयोग. काजवे पाहिलेत? पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्याच्या शरीरात उजेड करणारं जे जनुक असतं, ते शास्त्रज्ञांनी चिलटाच्या पिरियड जनुकाला जोडून दिलं. म्हणजे घड्याळाचा नळ सुरू झाला की त्या पेशी मिणमिणणार, बंद झाला की विझत जाणार. हा उजेड इतका मंद, की डोळ्यांना दिसत नाही, यंत्रानेच मोजावा लागतो. मग 1997 मध्ये हॉल आणि स्टीव्ह के यांच्या गटाने चिलटाचे अवयव वेगवेगळे करून बशीत ठेवले. पाय एकीकडे, पंख एकीकडे, मिशा एकीकडे. मेंदूचा संबंधच तोडला. आणि बशीतल्या त्या एकट्या मिशा उजळत-विझत राहिल्या, दिवसाकाठी एकदा. मेंदू नाही, धड नाही, चिलटच नाही. मिशीला मात्र वेळ माहीत!

मिशीत घड्याळ आहे हे कळलं. पण ते करतं काय? ह्यूस्टनमध्ये पॉल हार्डिन यांच्या गटाने चिलटाच्या मिशीला केसाहून बारीक काचेच्या सुया लावल्या आणि तिच्यावर वासाची झुळूक सोडली. वास निवडला तो नेलपेंटची आठवण करून देणारा. पिकल्या फळांतही तो असतोच. (पिकलं केळं नीट हुंगून बघा, थोडं नेलपेंटसारखं वाटेल.) वास आला की मिशीत किंचित वीज उठते. ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजली. वास तोच, तेवढाच, पण वीज कमी-जास्त! दिवसा कमी, मध्यरात्री सगळ्यात जास्त. ज्या चिलटांचं पिरियड जनुक बिघडलेलं होतं त्यांच्या मिशीत हा चढउतार नव्हताच, रात्रंदिवस एकच सूर. हे 1999 सालचं. पुढे असंही दिसलं, की मेंदूतलं मुख्य घड्याळ काढून टाकलं तरी मिशीचा चढउतार चालूच राहतो. मिशीतलं काढलं की मात्र संपतो. नाकाचं घड्याळ नाकातच. ते काय करतं, तर वासाची कुलपं केसाच्या टोकाशी कधी जास्त पाठवायची, कधी कमी, एवढं ठरवतं. दुकान तेच, पण काउंटरवरची माणसं वेळेनुसार कमी-जास्त.

म्हणजे वास सुट्टीवर जात नाही, हुंगणारा जातो! भाचीला फोन करून हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग मी बरोबरच विचारलं होतं." हो बाई, बरोबरच.

चिलटाच्या नाकाची गोष्ट मुंबईतही घडली आहे. ज्या बेंझर यांनी घड्याळ बिघडलेली चिलटं शोधली, त्यांच्याबरोबर तिकडे काम केलेले ओबेद सिद्दिकी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. 1977 मध्ये त्यांच्याकडे पीएचडी करायला एक मुलगी आली, व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आई-वडील गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात आणि आयर्लंडमध्ये. भारतात ती आली ती चिलटांसाठी. समुद्राकाठच्या त्या इमारतीत या दोघांनी वास न कळणारी आणि चव न कळणारी चिलटं निवडून काढली. अशी चिलटं मिळाली की बिघाड कोणत्या जनुकात आहे ते बघता येतं, आणि त्यावरून धडधाकट नाक कसं चालतं ते कळतं. व्हेरोनिकाबाई पुढे मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. 2010 मध्ये त्या गेल्या. जगात चिलटाच्या मिशीवर आज एवढं काम चालतं, त्याच्या पहिल्या काही पानांवर मुंबईचा पत्ता आहे.

झुरळांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. (ई म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या.) अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात टेरी पेज यांच्या गटाने झुरळांची शिकवणी घेतली. झुरळांना मुळात व्हॅनिलाचा वास आवडतो, पेपरमिंटचा फारसा नाही. म्हणून उलटं शिकवलं: पेपरमिंटचा वास आला की साखरेचं पाणी, व्हॅनिलाचा आला की खारट पाणी. संध्याकाळच्या वर्गातली झुरळं हे पटकन शिकली, आणि पुढे काही दिवस पेपरमिंटकडे धावत राहिली. सकाळच्या वर्गातली? काही नाही. कोरी पाटी! वास त्यांनाही आला, साखर त्यांनीही खाल्ली, पण डोक्यात काही उतरलं नाही. झुरळ रात्रीचा प्राणी, सकाळी त्याच्या शिकण्याचं शटर बंद. हे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्यांनी मात्र हे कारण बाईंना सांगू नये, कारण तुम्ही झुरळ नाही.

डासांचंही तसंच. मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस रात्री हिंडतो. त्याच्या मिशीत वासाचे कण पकडून आत नेणारी प्रथिनं असतात, ती रात्री वाढतात आणि नाक तेव्हाच तिखट होतं. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसाचा, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी त्याचा जोर जास्त. म्हणून मच्छरदाणी रात्री लावली तरी दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचेच.

आता आमच्या ओट्याबद्दल. मध्यरात्री मिशी सगळ्यात तिखट असली, तरी चिलटं उडतात-फिरतात ती मुख्यतः सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मावळताना. भर दुपारी ती सावलीत गप्प बसतात, चक्क वामकुक्षी घेतात. भाचीला दुपारी ती दिसली नाहीत, याचं कारण हे. वाटलं तर घरी करून बघा. एक पिकलेलं केळं सोलून उघड्या बशीत ठेवा. सकाळी 7, दुपारी 1, संध्याकाळी 6 आणि झोपायच्या आधी, असं चार वेळा त्यावरची चिलटं मोजा. जवळ जाताना श्वास रोखा, नाहीतर सगळी उडतील. बशी एकाच जागी ठेवा, आणि तीन दिवस हेच करा, एका दिवसावर विसंबू नका. आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर फडकं येईल आणि प्रयोग संपेल. आमचा असाच एकदा संपला.

आकडे वहीत लिहिलेत की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, गावाचं नाव आणि महिना न विसरता. भाचीचा तक्ता माझ्याकडे आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघू.